चार नग, बासष्ट ग्रॅम

९ ऑक्टोबर, सकाळी ७.२०
हिला जाऊन आज सात आठवडे झाले. प्रकृती उत्तम. भूक सर्वसाधारण. मी पूर्णपणे सावरलो आहे. हे येथे एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला पुन्हा पुन्हा सांगावे लागणार नाही.

बरोबर सात वाजता टेबलाजवळची माझी खुर्ची ओढून बसलो. खुर्ची किंचाळली. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई रात्रपाळी करून त्याच सुमारास झोपतात. त्यांनी छताला खालून झाडूचा दांडा हाणला. सगळे शिरस्त्याप्रमाणे. फक्त "अहो, उचला ना, ओढता काय!" हे वाक्य आले नाही. बत्तीस वर्षे रोज येत असे, कानांवर दोन्ही हात ठेवून. त्यावाचून काही अडत नाही.

संकल्प: यापुढे संताप करायचा नाही.

त्याच दिवशी, दुपारी १२
पार्सलवाला आला. हेल्मेट न काढताच बोलला. हिच्या नावे परदेशातून पार्सल आले आहे, पण ते सीमाशुल्काच्या गोदामात अडकले आहे. शुल्क, व्हॅट आणि हाताळणी खर्च भरल्याशिवाय सुटणार नाही. नोटीस दिली. वर्णन: 'सिलिकॉनच्या पोकळ वस्तू, नग ४, वजन ६२ ग्रॅम'. ऑर्डर जुलैमधली, म्हणजे हिच्या आजारापूर्वीची. स्वस्त माल जहाजाने येतो आणि त्याला कसलीच घाई नसते.

भरायची रक्कम वस्तूच्या किमतीच्या चौपट. नाकापेक्षा मोती जड. शिवाय हाताळणी खर्चावर पुन्हा व्हॅट. म्हणजे त्यांनी आमच्या वस्तूला हात लावला म्हणून मी पैसे द्यायचे, आणि पैसे दिले म्हणून त्यावर कर द्यायचा.

पार्सलवाला म्हणाला, पुष्कळ लोक मुकाट्याने भरून टाकतात. मी दार लावले. त्याचा हात चौकटीत होता हे नंतर लक्षात आले. काटेकोर सांगायचे तर, दार दुसऱ्यांदा लावताना आले.

नोटिशीच्या तळाशी बारीक अक्षरांत: एकवीस दिवसांत न सोडवलेला माल नष्ट करण्यात येईल. हिने मागवलेली ही शेवटची वस्तू. ती या घरात येणार. मात्र अन्याय्य कराची कवडीही न देता येणार.

१० ऑक्टोबर, सकाळी १०
वजनमापे निरीक्षक म्हणून चौतीस वर्षे काढली. खोट्या तराजूवाल्यांना मी नुसत्या नजरेने घाम फोडला आहे. एक गोदाम म्हणजे काय मोठेसे.

कागदपत्रे शोधताना जाडी मोजायचा व्हर्निअर कॅलिपर पुन्हा हिच्या शिवणाच्या डब्यात मिळाला. जुलैतही तो तिथेच सापडला होता, आणि त्यावरून मी हिला पाऊण तास सुनावले होते. उपकरण जागेवर हवे. कशाला घेतलास, या प्रश्नाला तिने शेवटपर्यंत उत्तर दिले नाही. नुसती हसली होती. तेव्हाही मी संतापलो नव्हतो. डबा आपटला होता एवढेच.

सायंकाळी ६
मेहुणा आला. हिचा धाकटा भाऊ. मनाने बरा, तत्त्वाने पोकळ. नोटीस वाचून म्हणाला, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, कबूल. पण ताईची वस्तू आहे, मीच भरतो. मी त्याला कराचे मूलतत्त्व समजावून देत होतो. तो जांभई देत म्हणाला, "भाऊजी, तुमचं भांडण कराशी आहे का दुसऱ्याच कशाशी?"

माझ्या हातात टेबलावरचे पितळी वजन होते. ते निसटले. आठ फूट निसटले. प्रमाणित एक किलो, शिक्क्यासह. त्यात गुंजभरही तूट नाही. मेहुण्याच्या पायाच्या अंगठ्यात मात्र दोन ठिकाणी निघाली.

प्लास्टर सहा आठवडे. रिक्त हस्ते आलेल्या पाहुण्याने एवढे सोसावे.

१४ ऑक्टोबर, दुपारी २
गोदामात जाऊन आलो. लांबच लांब खोली, निळसर दिवे, जाड काचेची एकच खिडकी, बसायला काही नाही. माझ्यापुढे तेवीस माणसे. प्रत्येकाच्या हातात नोटीस आणि चेहऱ्यावर खून. समाधान वाटले. आपण एकटे नाही.

खिडकीवरच्या कारकूनबाईंनी फॉर्म सरकवला. दोनच चौकटी: 'प्राप्तकर्ता स्वतः उपस्थित' आणि 'प्राप्तकर्ता मयत (दाखला जोडावा)'. मी म्हटले, या फॉर्ममध्ये तिसरा पर्याय नाही, हा फॉर्म सदोष आहे. त्यांनी विचारले, पार्सल कुणाचे? मी म्हटले, हिचे.

"मग त्यांना घेऊन या."

"ती बाहेर गेली आहे."

"कधी येतील?"

निश्चित सांगता येत नाही, असे मी सांगितले. त्यात असत्य काहीही नाही.

विषय बदलणे आवश्यक होते, म्हणून त्यांचा तराजू तपासला. यंदाचा पडताळणी शिक्का नाही. पिशवीतले पितळी वजन ठेवून पाहिले: एक किलो नऊ ग्रॅम. मी सर्वांना ऐकू जाईल असे जाहीर केले की बासष्ट ग्रॅम हे वजन धादांत खोटे आहे आणि या काट्यावर ज्याचा माल तोलला त्या प्रत्येक माणसाला नागवले गेले आहे. रांगेतून कुणी टाळी वाजवली नाही. एक गृहस्थ म्हणाले, काका, आटपा.

काउंटरवरचा स्टेपलर फेकला. पंख्याला लागला आणि परत येऊन माझ्याच कपाळावर बसला. पहारेकऱ्याने मानगूट धरून बाहेर काढले. हिंसेला माझा तत्त्वतः विरोध आहे. पण त्या माणसाला एकदा चौदावे रत्न दाखवावेच लागेल.

१५ ऑक्टोबर
सात पानी आक्षेपपत्र रवाना केले. उत्कृष्ट झाले आहे. मुद्दा एक: तराजू सदोष. मुद्दा दोन: शुल्कावरील व्हॅट अन्याय्य. मुद्दा तीन, अधिकची खबरदारी म्हणून: 'सदर वस्तू आमच्या घरातून कधीही मागविण्यात आलेली नाही.' मागवलीच नाही तर कर कसला? तिन्ही बाजूंनी कोंडी. वकिलालाही सुचले नसते.

मेहुण्याने फोनवर सांगितले, भाऊजी, एवढा खटाटोप कशाला, मयताचा दाखला ताईच्या कपाटात आहे, मीच ठेवला आहे. किल्ली तुमच्याच खिशात असते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असेही म्हणाला. प्लास्टरमधला माणूस म्हणी फार वापरतो.

त्या कपाटाची किल्ली वळत नाही. मी ती वळवून पाहिलेली नाही, कारण ती वळत नाही.

२२ ऑक्टोबर, सकाळी ११
उत्तर आले. दोन ओळी. 'वस्तू मागविली नसल्याचे आपण लेखी कळविल्यामुळे माल नाकारलेला समजण्यात येत आहे. दि. २४ रोजी दुपारी यंत्रात चुरा करून नष्ट करण्यात येईल.'

म्हणजे तीस तारखेपर्यंतची मुदतही गेली. माझ्याच सहीने.

११.१५
टेलिफोन भिंतीवर. टेलिफोन गेला, भिंत शाबूत.

११.२०
कपाटाला लाथ मारली. कपाट उघडले नाही. माझ्या अंगठ्याचे नख उघडले. आता मेहुणा आणि मी, दोघेही एकाच पायाने लंगडतो. तोही डावाच.

११.४०
आरशाला ठोसा. कारण आठवत नाही. चार बोटांना पट्टी. अक्षर त्यामुळे असे आहे. मन शांत आहे.

२३ ऑक्टोबर, सकाळी ६.३०
अंतिम योजना. धरणे. गोदामात बसायची सोय नाही, म्हणून स्वतःची खुर्ची नेणार आणि खिडकीसमोर ठाण मांडणार. पार्सल मिळेपर्यंत हलणार नाही. शस्त्र नाही, शिवी नाही. नैतिक दडपण. दुपारपर्यंत ते शरण येतील असा माझा अंदाज आहे. फार तर चहाच्या वेळेपर्यंत.

खुर्ची जिन्यावरून नेताना उचलावी लागेल. आधी वजन करून घेतले: चार किलो दोनशे. फारसे जड नाही.

२३ ऑक्टोबर, दुपारी ४. डाव्या हाताने
घडले ते क्रमाने लिहितो.

साडेनऊला खुर्ची टॅक्सीच्या टपावरून उतरवली. पावणेदहाला खिडकीसमोर. पहारेकरी म्हणाला, आजोबा, बाजूला घ्या. मी चार बोटे बाजूला घेतली, ओढून. खुर्ची किंचाळली. सामान नसलेल्या त्या खोलीत तो आवाज घरच्यापेक्षा दसपट. रांगेतल्या लोकांनी माना वळवल्या. तो म्हणाला, अजून घ्या. मी अजून घेतली. पुन्हा ओढली.

तेव्हा काचेमागच्या कारकूनबाईंनी दोन्ही हात कानांवर ठेवले आणि म्हणाल्या, "अहो, उचला ना, ओढता काय!"

मी उचलली.

पुढचे मला तुकड्यातुकड्यांनी आठवते. पहिला घाव काचेच्या मधोमध. दुसरा त्याच जागी. काच जाड होती, तिला ओरखडाही नाही. ती तिथे होती हे बरे झाले. बाईंचे हात अजून कानांवरच होते. तिसऱ्या घावाला बैठक सुटली, चौथ्याला पाठ, आणि शेवटी माझ्या हातात एक पाय उरला. तो पहारेकऱ्याच्या खांद्यावर चालवला. त्याने माझ्या भुवईवर मूठ चालवली. वाकबगार माणूस आहे. रांगेतल्या तिघांनी मला पालथे पाडले. एक जण पाठीवर बसून स्वतःची नोटीस वाचत होता.

पोलिसांना बोलावू नका असे कारकूनबाईंनीच सांगितले म्हणे. मी सांगितलेल्या नंबरवर त्यांनी मेहुण्याला फोन केला. तो कुबडीवर आला आणि मला टॅक्सीत घालून घरी आणले. हातातला पाय मी सोडला नाही.

भुवई नर्सबाईंनी शिवली. पाच टाके. झोपेचे औषध देता देता म्हणाल्या, "काका, आज सात वाजता खुर्ची वाजली नाही, तेव्हाच मी दचकून उठले. म्हटलं, वर काय झालं बाई."

२४ ऑक्टोबर, सकाळी १०
आज दुपारी चुरा.

गोदाम पेटवून देण्याचा विचार केला. काड्यापेटी घेतली, बूट घातले. डाव्या पायात बूट जाईना. संकल्प तूर्त स्थगित.

खुर्चीचा पाय हत्यार म्हणून पलंगाशेजारी उभा केला आहे. येऊ दे कोणीही.

दुपारी १.३०
उभ्याने थांबलो आहे. बसायला खुर्ची नाही. हिच्या खुर्चीवर मी बसत नाही. एवढ्यात यंत्र सुरू झाले असेल. बासष्ट ग्रॅमला कितीसा वेळ लागणार.

दुपारी २.१०
मेहुणा आला. काखेत कुबडी, दातांत पार्सल. जिना चढायला त्याला दोन्ही हात लागतात.

काल मी औषधाने झोपलो असताना त्याने माझ्या खिशातून किल्ली घेतली. कपाट उघडले. एका झटक्यात वळली, म्हणाला. तेलसुद्धा लागले नाही. आज सकाळी दाखला घेऊन रांगेत उभा राहिला. कारकूनबाईंची माझ्या वतीने माफी मागितली, दुसऱ्या चौकटीत खूण केली, शुल्क भरले, व्हॅट भरला, व्हॅटवरचा व्हॅटही भरला. माझ्या सात पानांचे काय, असे मी विचारले. त्या म्हणाल्या म्हणे, लिहिणारा प्राप्तकर्ता नाही, त्यामुळे दाखला आल्यावर ते पत्र बादच.

"किती वेळ लागला?"

"वीस मिनिटं, भाऊजी. त्यातली दहा त्यांनी मला स्टूल आणून दिलं त्यात गेली."

त्याच्यावर फेकण्यासारखे हाताशी बरेच काही होते. फेकले नाही. चहा टाकला. तो गेल्यावर कपाट बंद करायला गेलो आणि बंद करून आलो. आत पाहिले नाही. हिचा वास मात्र आला.

२५ ऑक्टोबर, सकाळी ७.००
पार्सल उघडले.

खुर्चीच्या पायांना घालायच्या टोप्या. चार. पारदर्शक, तळाला मऊ लोकरीचा थर. सोबतच्या चिठ्ठीवर छापलेले: 'आवाज नाही, ओरखडा नाही. व्यास ३८ मिमी.'

खुर्चीचा पाय आणून कॅलिपर लावला. अडतीस. बरोबर अडतीस. कॅलिपर तिने धरला कसा असेल, कुणी दाखवले नव्हते. मी तर मुळीच नाही.

टोप्या तराजूत घातल्या. बासष्ट ग्रॅम. त्यांचे वजन बरोबर होते.

पायाला एक टोपी चढवली. मापात बसली. मग नेहमीच्या जागी, टेबलाजवळ, तो जमिनीवर ओढून पाहिला. काही नाही. आपटला. काही नाही. दोन्ही हातांनी, होते नव्हते तेवढे बळ लावून आपटला, पाच वेळा, सहा वेळा, टाके उसवेपर्यंत.

खालून दांडा आला नाही. नर्सबाईंना झोप लागली असावी.

तीन उरल्या.