धुऱ्याजवळच्या तुरीचे बी

मी, सत्यशीला पंजाबराव मेश्राम, वय ७२, बीज केंद्रातून निवृत्त क्षेत्र सहायक, राहणार बोरी अरब, ता. दारव्हा, जि. यवतमाळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याइतके जवळ कोणी राहतही नाही.

१. राहते घर मुलगी रुपालीला. ती नागपूरला असते, विकेलच. विकताना रडण्याचे सोंग करू नये.

२. तेवीस वह्या. निवृत्तीनंतर मी घरच्या शेतात तुरीचे नवे वाण काढायला घेतले. झाडाची उंची, फांद्या, शेंगा, शेंगेतले दाणे, शंभर दाण्यांचे वजन, सगळे यात आहे. ज्याला शेंगा जास्त, त्याचे उत्पन्न जास्त, असे दिसले. म्हणून दरवर्षी सर्वात लगडलेली झाडे निवडून त्यांचेच बी पेरत गेले. अशी अकरा वर्षे. वह्या रद्दीत द्याव्यात.

३. दोन एकर शेत हंसाबाई कोडापे यांना. त्या माझ्याकडे कापणीला येत. तिसऱ्याच वर्षी त्या म्हणाल्या होत्या, "बाई, तुमी निवडता ते सारे झाडं धुऱ्याजवळचे, बांधाकडचे हायेत. तिथं ऊन भेटते, जागा भेटते, म्हणून शेंगा. बीचा काय गुण त्याच्यात?"

मी म्हणाले, "तुमी कापा, मोजाचं माह्यावर सोडा."

त्यांचेच खरे होते. मी शिकलेली, म्हणून ऐकले नाही. हे शेत बक्षीस नसून माफी आहे. त्यांनी नाकारले तर आग्रह करू नये.

४. वजनकाटा धाकटा भाऊ मारोती याला. माझ्या शब्दावर त्याने चार एकरांत हे बी पेरले. शेताच्या मधोमध, दाटीत, झाडे साधीच निघाली. शेजाऱ्याच्या तुरीहूनही कमी पिकले. तेव्हापासून तो माझ्या अंगणात आला नाही, याचे मला फार दुःख आहे. काटा बरोबर आहे, चूक काट्याची नव्हती.

५. उरलेले नऊ किलो बी, औषध न लावलेले. रुपाली म्हणते, नमुना म्हणून विद्यापीठाला देऊ. देऊ नये. कोणी पेरू नये, त्याला माझे नाव तर मुळीच देऊ नये. सगळे भरडून, मी गेल्यावर माझ्या पुण्यानुमोदनाच्या जेवणात त्याचे वरण करावे. मारोती आला तर पोटभर वाढावे. कशाचे वरण आहे, ते सांगू नये.

वाचून, समजून सही केली.

सत्यशीला पंजाबराव मेश्राम

आमच्यासमोर सही झाली:
१. इंद्रजित वामन पाटील
२. उर्वशी संघदीप भगत

बोरी अरब, दि. ९ फेब्रुवारी २०२५