मान्यता प्रक्रियेत आहे

ती. आईला,
लांबूनच, पण वाकून नमस्कार.

मी बरी आहे. वकीलसाहेबांनी टायपिंगसाठी नवी खुर्ची दिली, पाठ आता दुखत नाही. तुझा गुडघा कसा आहे? खरं सांग.

काल मी ते लॉ कॉलेज बघून आले. वर्ग संध्याकाळचे, त्यामुळे नोकरी सोडायला नको. प्रवेश परीक्षाही नाही. तिथले कारकून इतकं गोड बोलले की मला तिथेच शंका आली. माहितीपुस्तकाच्या शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, बारीक अक्षरात लिहिलं होतं, "राष्ट्रीय मान्यता प्रक्रियेत आहे."

अगं, हे "प्रक्रियेत आहे" मी रोज टाइप करते! साहेबांनी फाइलला हातही लावलेला नसला की पक्षकाराला आम्ही हेच कळवतो.

म्हणून जुनं माहितीपुस्तक मागितलं. "जुन्याचं काय करताय ताई?" म्हणाले. खडखडणाऱ्या खिडकीच्या फटीत एक जुनं पुस्तक घडी करून कोंबलेलं होतं, तेच मी ओढून काढलं. नऊ वर्षांपूर्वीचं निघालं. वाक्य तेच, अक्षरही तेवढंच बारीक.

मी ते पुढे धरलं, तर हसून म्हणाले, "इथल्या राज्यातल्या कोर्टात चालते की आमची पदवी. राज्याबाहेर कशाला जायचंय तुम्हाला?"

फॉर्म पर्समध्ये आहे, अजून भरलेला नाही. दादाने घराच्या दारासाठी माझ्या नावाची वकिलीची पाटी करायला टाकली असेल, तर त्याला थांबव. इथे शिकले, तर ही पदवी आपल्याकडच्या कोर्टात चालायची नाही; ती पाटी मला इथेच लावावी लागेल.

तुझी,
अजून टायपिस्टच असलेली धाकटी