घडीचं कव्हर

आप्पा,

मी गाडीच्या हौद्यावर ताडपत्री घातली नाही. ॲल्युमिनियमचं, तीन पाटांचं, घडी पडणारं कडक कव्हर बसवून घेतलं. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, त्यामुळे ही बातमी तुमच्यापर्यंत पोचवायची काही गरज नाही. पण ज्या माणसानं निपाणीच्या ट्रक अड्ड्याशेजारी बसून जन्मभर ताडपत्र्या शिवल्या, त्याच्या मुलीनं गाडीवर पत्रा घालावा, हे कुणाला तरी सांगायला हवं होतं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "घाल की. पावसाशी कारण."

गाडी कसली ते आधी सांगते. मी आता बेळगावजवळ पिरनवाडीत राहते आणि दवाखान्यांची यंत्रं दुरुस्त करते. ईसीजी, ऑक्सिजनची मशीन, नवजात बाळांना ऊब देणारे वॉर्मर. डिप्लोमाला घालताना तुम्हाला वाटलं होतं तशी सरकारी नोकरी काही मिळाली नाही. सुरुवातीला मी ही यंत्रं एसटीनं न्यायची, मांडीवर घेऊन. आता डबल केबिनची पिकअप आहे. पुढं पाच जणांची जागा आणि मागं उघडा हौदा. खानापूरपासून सदलग्यापर्यंतचे लहान दवाखाने माझ्याकडे असतात. यंत्र बिघडलं की फोन येतो, मी जाते, जागेवर जमलं नाही तर हौद्यात घालून घरी आणते. हौद्यावर इतके दिवस रेक्झिनचं गुंडाळायचं कव्हर होतं. कडेला चिकटपट्टी, ती दाबली की झालं. दोन वर्षांत त्या पट्टीत धूळ बसली आणि ती धरेनाशी झाली. मला ते दिसत होतं. मी त्यावर खोकी बंद करायचा चिकटटेप लावला आणि पुढच्या महिन्यात बघू म्हणून सोडून दिलं.

ऑक्टोबरात एका दुपारी मी सदलग्याकडच्या एका दवाखान्याचा वॉर्मर दुरुस्त करून परत द्यायला निघाले होते. त्यांच्याकडे तो एकच. चिकोडीच्या अलीकडे ढग दाटून आले आणि पाच मिनिटांत काचेपलीकडचं दिसेना. मी गाडी बाजूला घेऊन उतरले तेव्हा कव्हरची डावी बाजू वर उडाली होती आणि पाणी सरळ यंत्रावर पडत होतं. त्याचं कंट्रोल बोर्ड गेलं. नवीन बोर्ड यायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत तिथं कमी दिवसांचं एक बाळ जन्मलं. कापसात गुंडाळून त्याला अँब्युलन्सनं बेळगावला पाठवावं लागलं, आणि त्याची ओली बाळंतीण आई तिथंच राहिली, तिचा नवरा बाळाबरोबर गेला. बाळ वाचलं. पुढं घरीही आलं. पण डॉक्टरांनी फोनवर विचारलं तेव्हा मी म्हणाले, "कव्हर खराब निघालं, सर."

फोन ठेवला आणि मला तुमचं दुकान आठवलं. आठवलं म्हणजे उमाळा वगैरे आला नाही. तुम्ही एका मोठ्या ताडपत्रीच्या मधोमध मांडी घालून बसला आहात, तळहाताला चामड्याची पट्टी बांधली आहे, दाभण आरपार घालून दोरा ओढता आणि दर चार टाक्यांनी त्याला मेण लावता, एवढंच समोर आलं. मी तेव्हा सातवीत आहे. शाळा सुटली की दुकानात येते आणि तुम्ही आखून दिलेल्या सरळ शिवणी घालते. तुमचा नियम एकच. जोडावर शिवण दोनदा घालायची, एक आतून, एक बाहेरून. एका संध्याकाळी शाळेत स्नेहसंमेलनाची तालीम होती आणि मला नाटकात राणीचं काम मिळालं होतं. मी आतली शिवण घातली, बाहेरची राहू दिली, ताडपत्रीची घडी घातली आणि पळाले. दुसऱ्या दिवशी ती एका तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या ट्रकवर चढली.

चार दिवसांनी व्यापारी दुकानात आला. ओरडला नाही, हे मला अजून आठवतं. त्यानं ती ताडपत्री तुमच्या पुढ्यात पसरली आणि उसवलेल्या जोडातून हात घालून दाखवला. "मिस्त्री, दोन थरांतली पोती भिजली. काळा पडला सगळा तंबाखू. तुमच्या हातनं असं व्हतंय व्हय?" मी मागं मेणाच्या डब्याशेजारी उभी. तुम्ही जोडावरून अंगठा फिरवला. शेजारच्या जोडाचे टाके तुमचे, ह्या जोडाचे माझे. दोन्हींतला फरक दिसायला डोळेसुद्धा लागत नव्हते, बोटाला कळत होता. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "टाका माझा हाय. चूक माझी." तो म्हणाला, "आता काय बोलायचं मग," आणि गेला. त्याच्या सात ट्रकचं काम दुसऱ्या दुकानात गेलं ते परत आलं नाही.

तो गेल्यावर तुम्ही मला बोलावलंत. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. तुम्ही विचारलंत, "बाहेरची शिवण का घातली न्हाईस?" मी म्हणाले, "इसरले." तुम्ही माझ्या हातात ब्लेड दिलंत. "सगळी उसव. आन पहिल्यापासनं घाल." तो जोड अठरा फुटांचा होता. मला दोन दिवस लागले. बोटांची सालटी निघाली. मी रडले नाही कारण तुम्ही बघत नव्हतात. तुम्ही तुमच्या कामात होता. शिवण पूर्ण झाल्यावर तुम्ही उठून आलात, अंगठा फिरवलात आणि म्हणालात, "झाली. आता उद्यापासनं दुकानात येऊ नगंस. अभ्यास कर." त्यानंतर तुम्ही मला दाभणाला हात लावू दिला नाही. ती शिक्षा होती की दुसरं काही, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. आई म्हणते, तुमच्या मनात ते आधीपासूनच होतं, मुलीनं बोटं फोडत बसू नये असं. तसं असेलही. मला तेव्हा हाकलून दिल्यासारखं वाटलं आणि त्याच वेळी सुटल्यासारखंही. आणि हो, मी विसरले नव्हते. तुम्हाला बहुतेक ते कळलं होतंच.

तर वॉर्मर दुरुस्त करून पोचवला तेव्हा मी तिथल्या सिस्टरांना सांगितलं की पट्टी सुटलेली मला आधीच माहीत होती, मीच चालढकल केली. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलासा. डॉक्टरांना पण सांगा, त्ये आत हाईत." मी आत जाऊन सांगितलं. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी नीट झाकून आणा. एवढंच. मला थोडं जास्त बोलले असते तर चाललं असतं.

मग मी कव्हर बघायला निघाले. आधी बेळगावच्या खडेबाजारात ताडपत्र्या बघितल्या, हे खरं. आता सगळ्या प्लास्टिकच्या, कडा मशीननं चिकटवलेल्या, शिवण अशी नाहीच. बांधायला-सोडायला मला रोज दहा वेळा दोरी ओढावी लागली असती, आणि कुलूप कुठं लावणार? म्हणून हायवेलगतच्या एका दुकानात गेले. तिथला फिटर माझ्याच वयाचा, घरचा कन्नड, पण मराठी सरळ. "बर्री मेडम, या," म्हणाला आणि आधी एकाच अखंड पत्र्याचं झाकण दाखवलं. "ह्ये घ्या. लूक भारी येतोय."

"उभं मशीन न्यायचं असलं तर?"

"मग झाकण काढून घरात ठेवायचं."

"मला एकटीला उचलेल?"

"न्हाई. दोघं लागतात."

मग त्यानं शटरवालं दाखवलं, दुकानाच्या शटरासारखं सरकत जाऊन पेटीत गुंडाळणारं. दिसायला छान, पण ती पेटी केबिनकडची फूटभर जागा खाते, आणि माझा हौदा आधीच आखूड. शेवटी घडीचं. तीन पाट, बिजागरीनं जोडलेले. मागचा पाट उचलून मधल्यावर टाकायचा, मग ते दोन्ही पुढच्यावर. उंच यंत्र मागं उभं राहतं आणि आरशातून मागचा रस्ताही दिसतो. गाडीला भोकं पाडावी लागत नाहीत, आतून क्लॅम्प आवळतात. हौद्याचा मागचा फाळका बंद करून कुलूप लावलं की कव्हर बाहेरून उघडत नाही. मी म्हणाले, हे चालेल, पण पाणी कुठून शिरतं ते आधी दाखवा. तो हसला. "मेडम, गिऱ्हाईक रंग इचारतंय."

मी त्याला हौदा आतून मोजायला लावला. माझ्या हौद्याला प्लास्टिकचं अस्तर आहे, ते कडेवर चढलेलं, त्यामुळे क्लॅम्प पत्र्यावर बसत नव्हता, अस्तरावर घसरत होता. चार ठिकाणी अस्तर कापून घेतलं. कव्हर बसल्यावर मी पाटांच्या सांध्यातल्या आणि कडेच्या रबरावरून अंगठा फिरवत गेले. पुढच्या डाव्या कोपऱ्याशी रबर किंचित उचललेलं लागलं. त्याला म्हणाले, इथं बादलीभर पाणी ओता. त्यानं ओतलं. मी हौद्यात आत वाकून बघते तर कोपऱ्यातून थेंब पडतायत. तो वर चढला, क्लॅम्प सोडला, पाट सरकवला, परत आवळला. दुसरी बादली. कोरडं. तिसरी मी स्वतः ओतली. कोरडं. हात पुसत तो म्हणाला, "मेडम, खोटं सांगत न्हाई. लई मोठा पाऊस आला तर चार थेंब येणार. अजिबात येत न्हाई म्हणणाऱ्याकडनं घेऊ नका." त्या वाक्यावर मी कव्हर घेतलं. आता यंत्रावर जाड प्लास्टिक टाकते आणि वर कव्हर लावते. दोन थर. परवा सदलग्याला पावसातून जाऊन आले. कोपऱ्यात चार थेंब होते, यंत्र कोरडं होतं.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही. तुमच्या फोटोपुढं वगैरे ठेवण्यातलीही मी नाही. लिहून झालं की फाडेन, किंवा गाडीच्या कागदांत राहील. पण एक गोष्ट मी वर गाळली, ती लिहून टाकते. तिसरी बादली ओतून झाल्यावर त्या फिटरनं मला विचारलं होतं, "मेडम, असं अंगठ्यानं बघायला कुणी शिकवलं तुमाला?" तुमचं नाव सांगितलं असतं तर त्याला कळलं नसतं, पण ताडपत्री शिवणाऱ्या बापानं, एवढं सांगता आलं असतं. आजूबाजूला दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती, चांगल्या कपड्यांतली.

मी म्हणाले, "मोबाईलवर बघितलं."