खिडकी सरकली!

अंबरनाथ, शुक्रवार, १९९८

आज ऑफिसात हसूही आलं आणि वाईटही वाटलं. पालेगावच्या बिल्डिंगची ड्रॉइंग्ज पहिल्यांदाच कॉम्प्युटरवर करतोय. प्लॅनमध्ये खिडकी हलवली की एलिव्हेशनमध्ये, म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या भिंतीच्या चित्रातही, ती आपोआप हलते. आणि मी? सवयीने ओरडलेच, "खिडकी सरकली!"

लग्नाआधीपासून आम्हा नवरा-बायकोचं हेच चालत आलंय. प्लॅन माझ्या टेबलावर, एलिव्हेशन आतल्या खोलीत मिलिंदच्या. मी ओरडायचं, त्याने अर्ध्या ब्लेडने ट्रेसिंगवरची जुनी शाई काढायची आणि उलट ओरडायचं, "खरवडली!"

आजही ब्लेड घेऊन धावत आला. स्क्रीनवर बघतो तर खिडकी आधीच सरकलेली. "मग माझं काय काम?" एवढंच म्हणाला. ते ब्लेड कुठेही टाकतो म्हणून किती भांडलेय मी!

मग खुर्ची ओढून शेजारी बसला. माउस घेतला, खिडकी परत पहिल्या जागी नेली. खांद्याला खांदा लागत होता, तरी मी आतल्या खोलीत असल्यासारखा ओरडला, "खिडकी सरकली!"

मी त्याच्या डाव्या हातातलं ब्लेड काढून घेतलं आणि तेवढ्याच जोरात ओरडले, "खरवडली!"