कोपऱ्यातला चिंचोका

म्हैसूर, अग्रहार
श्रावण वद्य पंचमी, शके १८३३

आज धाकट्या बहिणीशी, गोदेशी, खोटं बोललो. आणि मी हायस्कुलात गणित शिकवतो!

तिनं विचारलं, "अण्णा, एका बाजूला बारा ठिपके असलेल्या चौकोनी रांगोळीच्या बरोबर दुप्पट ठिपक्यांची चौकोनी रांगोळी काढायची, तर एका बाजूला किती ठिपके?" मी वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणालो, "सतरा. अगदी बरोबर सतरा." दुपटीच्या चौकोनाची बाजू दोनाच्या वर्गमुळाच्या पटीत येते, आणि ते वर्गमूळ कुठल्याच अपूर्णांकात नेमकं बसत नाही, हे मला ठाऊक नाही? वर्गात फळ्यावर सिद्ध करून दाखवतो. पण चूल फुंकणाऱ्या बाईला ते कशाला, असं वाटलं. खरंच तसंच वाटलं.

तिनं ओसरीवर चिंचोके मांडले. आधी बारा-बाराचे दोन चौकोन, मग सगळे एकत्र करून सतराचा एक. शेवटचा कोपरा रिकामा राहिला.

"इल्ला, नाही अण्णा, एक कमी पडतो."

"मोजताना चुकली असशील," मी खेकसलो.

तिनं तीनदा मोजले. दोनशे अठ्ठ्याऐंशी. हवे होते दोनशे एकोणनव्वद. मला तर हे तोंडपाठ! "माझंच चुकलं असेल," म्हणत ती स्वयंपाकघरात गेली. मी वर्तमानपत्राचं पान उलटलं. तो रिकामा कोपरा काही डोळ्यांपुढून हलेना.

दिवेलागणीला सगळं कबूल करायचं ठरवून ओसरीवर गेलो. कोपरा भरलेला होता. तेवढा एकच चिंचोका ओला होता, सारासाठी भिजवलेल्या चिंचेतला. माझं उत्तर चुकू नये म्हणून तिनं तो आणून ठेवला होता.