सरिता आत्रामने आणलेले इंटरनेट

मी, गुणवंतराव लहानू टेंभुर्णे, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त शिक्षक, राहणार मुलचेरा, जिल्हा गडचिरोली. डोके ठिकाणावर आहे. कोणाच्याही दबावाखाली न येता माझी शेवटची इच्छा लिहून ठेवतो. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर व धानाची दीड एकर शेती मुलगा प्रफुल याला. घराची रस्त्याकडची खोली, जिथे मी संगणक वर्ग चालवला, ती मात्र सरिता पोचू आत्राम हिच्या मालकीची राहील. प्रफुलची हरकत आहे. "बाबा, मेल्यावर आपली इज्जत कायले घालवता?" असे तो म्हणाला. म्हणून कारण लिहितो.

२. सरिता माझी विद्यार्थिनी. २००७ साली येथील टेलिफोनच्या तारेवरचे इंटरनेट नऊ किलोमीटर आत जंगलातल्या दवाखान्यापर्यंत बिनतारी पोचवण्याची युक्ती तिची. कढईचा अँटेना तिने केला, आकृत्या तिने काढल्या. मी फक्त परवानग्या आणल्या. अँटेनाची दिशा लावताना ती पाण्याच्या टाकीवरून पडली, अजून लंगडते. वार्ताहराला मी सांगितले, "एक मजूर जखमी झाला."

३. सहा वर्षांपूर्वी नागपूरच्या एका संस्थेने जंगलात इंटरनेट आणणारा पहिला माणूस म्हणून माझा सत्कार केला. मी वीस मिनिटे बोललो. तिचे नाव घेतले नाही. ती मुलीला घेऊन तिसऱ्या रांगेत बसली होती. मंचावरून उतरताना त्या मुलीचे शब्द कानावर आले, "आई, यायनं तुयं नाव काऊन नाई घेतलं?"

सरिता म्हणाली, "इसरले असन."

मी विसरलो नव्हतो.

४. तिच्या आकृत्यांची वही माझ्या कपाटात आहे. आजवर ती माझी म्हणून दाखवत आलो. ती तिची तिला मिळावी. शाळेच्या संगणक कक्षावरची माझ्या नावाची पाटी उतरवावी. सन्मानचिन्ह तिला देऊ नये, त्यावर माझे नाव कोरले आहे. ते या कागदाच्या प्रतीसह संस्थेला परत करावे.

५. हा मसुदा घेऊन मी राजुऱ्याला तिच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिने तो शेवटपर्यंत वाचला.

"सर, हे तुमी मेल्यावर लोकं वाचनार? मंग मले जे बोलाचं हाये, ते मी कोनाले बोलू?"



म्हणून येत्या रविवारी शाळेत, गावासमोर, हे मी स्वतः वाचेन. तिला बोलावले आहे. माझा आवाज गेला तर साक्षीदार हर्षाबाईंनी पुढे वाचावे. मी उभा राहीन, आणि सरिता जे बोलेल ते ऐकेन.

सही: गु. ल. टेंभुर्णे

आमच्यासमोर सही झाली; आम्हाला यातून काही मिळणार नाही:
झाडू पत्रू कुमरे
हर्षा दिवाकर रामटेके

मुलचेरा, १२ नोव्हेंबर २०२५