पुलावरची लाल पलटण

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ९.४०

दादाचा फोन. स्वतःहून! अकरा वर्षांत पहिल्यांदा. एरवी कुणाच्या लग्नात भेटलो तर बरा आहेस का, बरा आहे, संपलं. आज म्हणाला, बावीसला शनिवारी येतो, तीन दिवस राहतो, खेळ पुरा करू. खेळ तसाच ठेवलायस ना, असंही विचारलं. म्हटलं, म्हणजे काय, एक सोंगटी हललेली नाही. मग जरा थांबून म्हणाला की एक गोष्ट बोलायचीय, पण समोरासमोर.

फोन ठेवल्यावर पेपर उलटा धरून वाचत बसलो. चहा झाला नव्हता म्हणून.

१०.१५

नोंद असावी म्हणून लिहून ठेवतो. अकरा वर्षांपूर्वी युद्धाचा खेळ अर्ध्यावर आला होता. मोठा नकाशा, अर्ध्या इंचाच्या पुठ्ठ्याच्या सोंगट्या, एक सोंगटी म्हणजे एक पलटण. दादा निळा, मी लाल. दादा पाणी प्यायला उठला, परत आला, आणि म्हणाला, तुझी लाल सातवी पलटण पुलावर कशी? मी गेलो तेव्हा अलीकडे होती. मी म्हटलं, आधीपासून तिथेच आहे. तो म्हणाला, सरकवलीस. मी म्हटलं, शपथ घेतो. त्याने बॅग उचलली आणि गेला.

मी सरकवली नव्हती. देवाशप्पथ नव्हती. ज्याने मला खेळायला शिकवलं त्याने मला चोर म्हणावं! तेव्हापासून तो सगळा डाव प्लायवूडच्या फळीवर, वर चादर घालून, मागच्या खोलीतल्या पलंगाखाली आहे. बायको अकरा वर्षं त्याच्या कडेने झाडू मारते. तो पुरावा आहे माझा.

३ नोव्हेंबर, सोमवार. जेवणाची सुट्टी

निर्णय. दादा येईल तेव्हा डाव पलंगाखालून ओढून काढायचा नाही. मोठ्या टेबलावर, नकाशावर पारदर्शक अॅक्रिलिक शीट, सोंगट्यांचे कोपरे गोल कापलेले, कप्प्यांचे डबे, चिमटा, फासे टाकायला लाकडी मनोरा. खोलीत पाऊल टाकताच त्याने गार पडलं पाहिजे. कारखान्याच्या स्टोअरमध्ये बावीस वर्षं काढलीयत मी. माझ्या रॅकवरचा वॉशर आजवर हरवलेला नाही.

बायकोला योजना सांगितली. ती म्हणाली, आहे तसं राहू दे, भाऊजी खेळ बघायला येतायत, डबे बघायला नाही. तिला या छंदातलं काही कळत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार. संध्याकाळी

मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गेलो. गळांसाठी जे कप्प्यांचे डबे मिळतात, त्यात सोंगट्या काय फिट बसतात! सहा घेतले. दुकानदार गप्पिष्ट. विचारलं, कुठे बसता गळ टाकून? म्हटलं, घरीच. त्यानंतर तो फार बोलला नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ११.००

सामान आलं. कोपरे कापायचं यंत्र म्हणजे स्टेपलरसारखं. खटकन दाबलं की कोपरा गोल. पॅकिंगचा पुठ्ठा कापून पाहिला, मग केबलचं बिल, मग बायकोच्या दवाखान्याच्या कार्डाचे चारही कोपरे. फार छान झालं. तिला नाही आवडलं.

१२.३०

एक बारीकशी अडचण. शीट नकाशाच्या वर आणि सोंगट्यांच्या खाली यायला हवी. म्हणजे सोंगट्या उचलणं आलं.

बायको दारातून म्हणाली, उचलू नका. म्हटलं, फोटो काढूनच उचलणार, मी काय दुधखुळा आहे? स्टुलावर चढून बरोब्बर वरून चौदा फोटो काढले. एकही हललेला नाही. हात कसा स्थिर!

४.००

सोंगट्या उचलल्या. एकूण दोनशे चौदा. कुठल्या चौकटीत कोण, हे फोटोत आहेच, तेव्हा रंगाप्रमाणे डब्यांत भरल्या. लाल तीन डबे, निळ्या तीन. काय सुरेख दिसतायत.

९ नोव्हेंबर, रविवार. दुपारी

दिवसभर खटक खटक. आठशे छप्पन्न कोपरे. अंगठा सुजलाय. बायको शेजारच्या वहिनींकडे जाऊन बसली. म्हणे तिथे शांतता आहे.

एका निळ्या पलटणीचा कोपरा जरा जास्त गेला. दादाची आहे, चालेल.

१० नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी ६.३०

शीट बसवली. आरशासारखी! फोटो समोर ठेवून मांडायला घेतलं.

६.५०

बोंबला.

६.५५

शांतपणे लिहितो. या खेळात नकाशावरच्या एका घरात, म्हणजे चौकटीत, चारपर्यंत पलटणी एकावर एक ठेवतात. चळत म्हणतात तिला. मी फोटो वरून काढले. वरून चळतीतली फक्त सगळ्यात वरची सोंगटी दिसते.

फोटोत एक्क्याण्णव दिसतात. दोनशे चौदातून एक्क्याण्णव गेल्या, राहिल्या एकशे तेवीस. त्या कुठे होत्या हे फोटोला माहीत नाही.

आणि मला?

७.१०

बायकोला काही सांगितलं नाही. तिने विचारलं, चेहरा असा का? म्हटलं, अंगठा.

१२ नोव्हेंबर, बुधवार. जेवणाची सुट्टी

कामात लक्ष नाही. फिटर बेअरिंग मागायला आला, त्याला गॅस्केट दिलं. तो म्हणाला, साहेब, बरं आहे ना? इथे एका बोल्टसाठी मी कार्ड भरून घेतो. कुठल्या खणात किती, कधी आले, कुणी नेले. आणि स्वतःच्या घरी एकशे तेवीस पलटणी बिनकार्डाच्या उचलल्या. कारखान्यात दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला उभा जाळला असता.

पण घाबरायचं कारण नाही. दहा दिवस आहेत. आणि माझी स्मरणशक्ती घरात प्रसिद्ध आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी

मांडणी सुरू. याला अंदाज म्हणायचं नाही. हा तर्क आहे. माझ्यासारखा खेळाडू त्या परिस्थितीत काय करील, दादासारखा सावध माणूस काय करील, याचा अभ्यास.

दादा जड पलटणी नेहमी मागे ठेवतो. तेव्हा त्याच्या सगळ्या जड मागे, कोपऱ्यातल्या दलदलीत. माझा स्वभाव धाडसी. तेव्हा माझ्या तीन सगळ्यात दणकट पुलावर, सातवीच्या सोबतीला.

पुलावर सगळ्यात वर फोटोत 'दारूगोळा संपला' अशी खूण दिसते. विचार केला. हे पटत नाही. इतक्या महत्त्वाच्या जागी मी दारूगोळा संपू देईन? झाडूच्या धक्क्याने कुठूनतरी घसरून आली असणार. काढली.

१६ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ५.००

पूर्ण! काय भरभक्कम दिसतेय माझी बाजू. नीट आठवत गेलं तसतसं लक्षात आलं की अकरा वर्षांपूर्वी मी जिंकतच आलो होतो.

बायको येऊन टेबलाकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, तुमच्या उजवीकडच्या टेकडीवर एकच सोंगटी नव्हती हो. तिथे उंच ढीग होता, चादर झटकताना माझा हात नेहमी तिथेच अडायचा. मी हसलो. म्हटलं, चादरीवरून युद्धं समजत नाहीत. ती म्हणाली, भाऊजींना खरं सांगून टाका, चुकून उचलल्या म्हणावं, ते काय खातायत का तुम्हाला?

सांगणार होतोच. पण खरं काय सांगायचं? की पुरावा मीच मोडला? अकरा वर्षं ज्या पुलाकडे बोट दाखवून निर्दोष म्हणवतोय तोच पूल मी मासे पकडायच्या डब्यात भरला? दादा म्हणेल, बघ, शेवटी तू तोच. नको. ऐकवणार नाही मला ते.

१९ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ७.१५

ठराव : दादा आल्या आल्या, चहाच्या आधी, सगळं सांगायचं.

संध्याकाळी ६.००

ठरावात दुरुस्ती : चहानंतर.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळी

बायकोने मागच्या खोलीत दादासाठी अंथरूण घातलं. टेबलाला बोट लावायचं नाही असं बजावलंय. फाशांच्या मनोऱ्यात एक फासा अडकला, काढायला मनोरा उचकटावा लागेल. असू दे, दुसरे आहेत. डब्यांना लेबलं लावायची राहिली. रात्रीचं जेवण नको म्हटलं. दुपारचं जेवण जड झालं असणार.

समोरासमोर काय बोलायचंय त्याला? पूल तपासायलाच येतोय. दुसरं काय असणार?

२२ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी १०.३०

आला. केस पांढरे झालेत. दारातच खांद्यावर हात टाकला, बराच वेळ काढला नाही. पाण्याचा तांब्या आणतो म्हणून मी आत आलोय. दोन ओळी लिहून बाहेर जातो. सांगूनच टाकतो.

दुपारी १२.२०

बायको आणि दादा बाहेर बसलेत. घडलं तसं लिहितो, नाहीतर मला नंतर वेगळं आठवेल.

चहा झाला. मी घसा खाकरला, तेवढ्यात दादानेच सुरुवात केली. म्हणाला, रिटायर झाल्यावर कपाट आवरताना खेळाची वही सापडली. प्रत्येक चालीनंतर कुठल्या घरात कोण, वरपासून खालपर्यंत, लिहून ठेवायची सवय होती त्याला. मला वाटायचं, नुसते गुण मांडतोय. त्यात त्याच्याच अक्षरात, भांडणाच्या दोन चाली आधी, लिहिलंय : पूल, लाल सातवी. म्हणाला, तू सरकवली नव्हतीस. मी हरत होतो, चिडलो होतो, वाटेल ते बोललो. अकरा वर्षं तुला खोटं ठरवलं. माफ कर रे धाकट्या.

बायकोच्या देखत बोलला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

माझ्याही होतं. मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. म्हटलं, अरे जाऊ दे, मी केव्हाच विसरलो. मोठ्या मनाने म्हटलं.

मग त्याने विचारलं, डाव तसाच ना? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, एक सोंगटी हललेली नाही. बायकोने कप बशीवर आपटला.

दादा वही घेऊन खोलीत आला. शीट बघून वा म्हणाला. डबे उघडून पाहिले, गोल कोपऱ्यांवरून बोट फिरवलं, हे सगळं तू केलंस, म्हणाला. छाती फुगली माझी. नंतर त्याने चष्मा लावला आणि वाचायला लागला. पूल : लाल सातवी, एकटी, वर दारूगोळा संपल्याची खूण.

टेबलावर पुलावर चार लाल. खूण नाही.

त्याने बोट पुढच्या ओळीवर नेलं. पुढचं वाचलं. उजवी टेकडी : वर एक हलकी लाल, खाली तीन दणकट. टेबलावर टेकडीवर ती हलकी एकटीच. त्याच्या जड निळ्या मागे दलदलीत नव्हत्याच, नदीकाठी दुसऱ्या सोंगट्यांच्या खाली होत्या. चौथ्या घरानंतर त्याने वाचणं थांबवलं. चष्मा काढला. पुसला. खिशात ठेवला.

मी म्हटलं, धूळ झाडताना एखाददुसरी इकडची तिकडे झाली असेल. दादाने बायकोकडे पाहिलं. बायकोने खाली पाहिलं.

मग त्याने तिला विचारलं, दुपारची बस किती वाजता असते?

दुपारी ३.००

गेला. बायकोने जेवल्याशिवाय सोडलं नाही. जेवताना दोघं हवापाण्याबद्दल बोलले. दारात मी पिशवी उचलायला गेलो, तर म्हणाला, राहू दे, जड नाहीये. वही टेबलावर विसरला. की ठेवून गेला.

२३ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ११.१०

वहीप्रमाणे डाव मांडला. चाळीस मिनिटं लागली. दोनशे चौदा सोंगट्या, प्रत्येकीला जागा. एकही उरली नाही.

टेकडीवरच्या तीन दणकट पलटणी दादाच्या मुख्य ठाण्यापासून दोन घरांवर. मध्ये कोणी नाही. पुढच्याच चालीत मी जिंकत होतो. फाशात अगदी एक पडला असता तरीही. माझ्या तर्काने मी त्या उचलून पुलावर नेऊन ठेवल्या होत्या.

वहीच्या शेवटच्या पानावर तळाशी दादाचं अक्षर : पुढची चाल, धाकटा.

११.२५

बायको म्हणाली, फोन करा. म्हटलं, करतो, आधी डब्यांना लेबलं लावून घेतो. तिने डबे उचलून कपाटावर ठेवले. म्हटलं, काय बोलायचं याचा मुद्देवार मसुदा करतो, म्हणून ही रोजनिशी उघडली.

११.३०

मुद्दा एक : फोटो वरून काढले.

मुद्दा दोन : तू चोर म्हणालास तेव्हा मी नव्हतो. आता

बायकोने नंबर लावून फोन माझ्या कानाशी धरलाय. रिंग जातेय.

दादाने उचलला. दोनदा हॅलो म्हणालाय. मी अजून लिहितोच आहे.